दुमडते पंख आणि घरगुती विमानबांधणी : मराठी कौतुकलेखनाची एक तांत्रिक चिकित्सा

बीजसंज्ञा : हौशी विमानबांधणी, दुमडते पंख, पंखमूळ जोड, स्ट्रट, कुलूपबंदी, रस्ते-वाहतूक, अहिल्यानगर जिल्हा

प्रस्तावना

घरी बांधलेल्या विमानाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात दोन नावे पुन्हापुन्हा येतात. पहिले शिवकर बापूजी तळपदे यांचे आणि दुसरे कॅप्टन अमोल यादव यांचे. तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर मानवरहित यान उडविल्याची कथा सर्वश्रुत आहे. तिला समकालीन आणि स्वतंत्र असा पुरावा मिळालेला नाही. तरीही २०१५ मध्ये या कथेवर ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंधही वाचला गेला. वास्तविक बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातील आराखडे तपासून ते उड्डाणक्षम नसल्याचे दाखवून दिले होते. यादव यांचे काम निराळ्या प्रतीचे आहे. त्यांचे विमान प्रत्यक्षात आहे, त्याला नोंदणी आहे आणि त्यामागे एका व्यावसायिक वैमानिकाची अनेक वर्षांची मेहनत आहे. असे असूनही या दोन्ही विषयांवरील मराठी लेखनाची घडण मात्र सारखीच राहिली. ‘उडाले की नाही?’ आणि ‘शासनाने साह्य केले की अडविले?’ या दोन प्रश्नांपलीकडे हे लेखन सहसा जात नाही.

विमानाचा पंख धडाला कशाने जोडलेला आहे, तो जोड उघडता-मिटता येतो काय, आणि जोड नीट बसला आहे हे उड्डाणापूर्वी कोणी व कसे तपासावयाचे, हा तिसरा प्रश्न आहे. हौशी बांधणीत तो सर्वांत जिवाभावाचा असतो. प्रस्तुत लेखात दुमडत्या पंखांच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार केला आहे. जिल्ह्यातील लोणी, संगमनेर, कोपरगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्र शाखेचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प हाती घेतात. लहान विमान किंवा मानवरहित यान हा विषय त्यांना आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. अशा विद्यार्थ्याच्या हाती मराठीतून जे वाचन पडते, ते त्याला धैर्य देते. मात्र पिन किती जाडीची घ्यावी, हे सांगत नाही.

चारकोपची गच्ची

यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांसमोर आले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून उड्डाणाची परवानगी मिळाली. या घटनाक्रमात वृत्तपत्रांना सर्वाधिक भावले ते गच्चीवरून विमान क्रेनने खाली उतरविण्याचे दृश्य. विमान सुटे करून उतरविले गेले आणि प्रदर्शनस्थळी पुन्हा जोडले गेले. छायाचित्राला हे दृश्य फार उत्तम आहे, याविषयी दुमत नाही. तथापि अभियंत्याच्या दृष्टीने या कथेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘पुन्हा जोडले गेले’ हेच होय, आणि त्याचा विस्तार कोठेही आढळत नाही.

येथे आक्षेप बांधणाऱ्यावर नाही, लिहिणाऱ्यांवर आहे. ज्याने विमान बांधले त्याला जोडाचे महत्त्व सांगावयास नको. हे विमान खालच्या बाजूस पंख असलेले आणि बाहेरून तिरका आधार नसलेले आहे. अशा पंखाचा सगळा भार मुळाशी एकवटतो, म्हणून तो वरचेवर दुमडण्याच्या भानगडीत न पडता बोल्टने घट्ट बसविणे आणि क्वचितच काढणे, हा निर्णय योग्यच ठरतो. परंतु हा निर्णय का योग्य, हे वाचकाला कळत नाही. त्यामुळे गच्चीवर किंवा गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान बांधू पाहणारा पुढचा तरुण ‘आपण पंख दुमडते करू, म्हणजे क्रेनची गरजच उरणार नाही’ असा विचार करू शकतो. विचार चुकीचा नाही. त्याची किंमत मात्र आधी मोजावी लागते.

मॉथचा वारसा

पंख दुमडून विमान लहान जागेत ठेवण्याची कल्पना हौशी बांधणीइतकीच जुनी आहे. डी हॅविलंड कंपनीचे मॉथ हे दोन पंखजोड्यांचे विमान १९२५ मध्ये प्रथम उडाले. त्याचे पंख मागे वळवून धडालगत आणता येत असत, त्यामुळे ते मोटारीच्या शेडवजा जागेत मावे आणि मध्यमवर्गीयालाही बाळगता येई. त्याच घराण्यातील पस मॉथ हे एकपंखी विमान भारतीयांना अधिक परिचित आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते याच विमानातून. भारतीय नागरी उड्डाणाचा हा आरंभबिंदू दुमडत्या पंखांच्या विमानाने गाठला, ही बाब शताब्दी-सुवर्णमहोत्सवांच्या लेखांत क्वचितच नमूद होते.

पस मॉथचा इतिहास अभ्यासकाला आणखी एका कारणासाठी वाचावयास हवा. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या जातीची अनेक विमाने हवेतच मोडली. इंग्लंडमध्ये त्यांची तपासणी झाली, तेव्हा प्रथमदर्शनी संशय येईल त्या बिजागरीपेक्षा पंखाला खालून आधार देणाऱ्या स्ट्रटच्या ताठपणाकडे आणि खवळलेल्या हवेत पंखाला सुटणाऱ्या कंपाकडे बोट दाखविले गेले. पुढे स्ट्रटला जादा आधार देण्यात आला. दुमडता पंख म्हणजे बिजागरी, असे समीकरण मांडणाऱ्याला हा इतिहास सावध करतो. दुमडण्याची सोय करताना ताठपणा कोठे गमावला गेला, हे पाहावे लागते. तो बिजागरीतच गमावला जाईल असे नाही.

हौशी बांधणीत आज जी पद्धत रूढ आहे, तिचे रूप १९८० च्या दशकात अमेरिकेतील एव्हिड फ्लायर (१९८३) आणि किटफॉक्स (१९८४) या संचस्वरूपात मिळणाऱ्या विमानांनी ठरविले. पंख वरच्या बाजूस, त्याला खालून स्ट्रट, आणि पुढची पिन काढली की पंख मागच्या तुळईच्या जोडावर फिरून शेपटीकडे येतो. या रचनेची खुबी भूमितीत आहे. मागच्या तुळईची मुळाकडील पिन आणि स्ट्रटचे खालचे टोक या दोन बिंदूंतून जाणारी रेषा हाच फिरण्याचा अक्ष असतो. हे दोन्ही सांधे दोन दिशांनी वळू शकले पाहिजेत. त्यात अर्धा-पाऊण सेंटिमीटरचा फरक पडला, तरी पंख फिरताना कोठेतरी अडकतो, आणि घाईत असलेला मनुष्य अडकलेल्या वस्तूला जोर लावतो. त्या जोराने वाकलेले फिटिंग डोळ्यांना दिसतेच असे नाही.

पिनवरचा भार

मराठी लेखनात जो हिशेब कधीच येत नाही, तो येथे करून पाहणे इष्ट होईल. एकूण ६०० किलोग्रॅम वजनाचे दोन आसनी विमान घ्यावे. अमेरिकी नियमावलीच्या भाग २३ मध्ये सामान्य वर्गासाठी ३.८ पट भार हा मर्यादाभार धरण्याची आणि त्यावर १.५ हा सुरक्षागुणक लावण्याची रीत दीर्घकाळ चालत आली. ६०० गुणिले ३.८ म्हणजे २,२८० किलोग्रॅम; त्यातील निम्मा, म्हणजे १,१४० किलोग्रॅम भार प्रत्येक पंखावर येतो. पंखाची एका बाजूची लांबी साडेचार मीटर धरल्यास हा भार मुळापासून सुमारे २ मीटरवर एकवटला आहे असे मानता येते. (पंखाचे स्वतःचे वजन या भाराला थोडे कमी करते; ते येथे सोडून दिले आहे.)

आता पंखाला स्ट्रट नाही असे समजू. मुळाशी येणारे वाकविणारे घूर्ण २,२८० किलोग्रॅम-मीटर, आणि सुरक्षागुणकासह ३,४२० किलोग्रॅम-मीटर होते. मुख्य तुळईच्या वरच्या व खालच्या पिनांमधील अंतर १५ सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक पिनवर ३,४२० भागिले ०.१५, म्हणजे २२,८०० किलोग्रॅम, जवळजवळ २३ टन बल येते. उसाने भरलेल्या ट्रकएवढे हे बल एका बोटभर जाडीच्या पोलादी तुकड्याने सोसावयाचे असते. विमान सरळ रेषेत शांतपणे उडत असतानाही याच पिनवर ४ टन असतात. चाचणी न केलेल्या फिटिंगसाठी नियमावलीने १.१५ हा जादा गुणक सांगितला होता. तो लावून आणि विमानदर्जाच्या पोलादाची कर्तनशक्ती ५१७ मेगापास्कल धरून हिशेब केला, तर दुहेरी कर्तनातील पिन १८ मिलिमीटरची लागते.

त्याच पंखाला मुळापासून २ मीटरवर स्ट्रट लावला आणि स्ट्रटचे खालचे टोक पंखाच्या १.१ मीटर खाली धडाला जोडले, तर चित्र पालटते. पंखावरील भार स्ट्रट ताणात घेतो आणि तुळईच्या मुळाशी उरतो तो मुख्यत्वे दाब. त्याचे मान १,१४० भागिले ०.५५, म्हणजे २,०७३ किलोग्रॅम, सुरक्षागुणकासह ३.१ टन. याला सात-आठ मिलिमीटरची पिन पुरते. (स्ट्रटवरही सुरक्षागुणकासह साडेतीन टनांचा ताण येतो, आणि पंख खाली दाबला गेला असता तो लवू नये याची वेगळी काळजी घ्यावी लागते.) तेवीस टन आणि तीन टन यांतील अंतर म्हणजेच दुमडत्या पंखाविषयी घ्यावयाचा पहिला निर्णय होय. स्ट्रट हवेला अडवितो, वेग घटवितो आणि दिसावयास जुनाट वाटतो, म्हणून हौशी बांधणाऱ्याला तो नकोसा असतो. घरगुती साधनांनी, हातातील ड्रिलने पाडलेल्या भोकात ज्याला जोड बसवावयाचा आहे, त्याने हा जुनाटपणा पत्करावा, असे हे आकडे सांगतात. बिनस्ट्रटच्या पंखाला मुळाशी दुमडणारी रचना ज्याला हवीच असेल, त्याने ती कारखान्याच्या दर्जाची यंत्रे आणि प्रत्यक्ष भारचाचणी यांशिवाय करू नये.

आकड्यांनी एक गोष्ट लपविली जाते, ती म्हणजे झीज. बोल्टने कायम कसलेला जोड हलत नाही. दुमडत्या पंखाची पिन दर वेळी काढली आणि ठोकली जाते, भोक हळूहळू अंडाकृती होते, जोडात ढिलेपणा येतो आणि ढिला जोड प्रत्येक झोताला आपटू लागतो. यावर उपाय जुनाच आहे. कठीण पोलादाची पिन आणि तिच्यापेक्षा मऊ असे बदलता येणारे बुश वापरावे, म्हणजे झिजेल ते बुश आणि वाचेल ते फिटिंग. किती फेऱ्यांनंतर बुश मोजावे, याची नोंद बांधणाऱ्याने स्वतःच्या वहीत ठेवावयास हवी. बोल्टचा आट्यांचा भाग कर्तनात येऊ देऊ नये, हा नियम यंत्र शाखेच्या दुसऱ्या वर्षी शिकविला जातो आणि शेडमध्ये नेमका तोच विसरला जातो, कारण हव्या त्या लांबीचा बोल्ट बाजारात मिळत नाही.

‘दहा मिनिटांत, एकट्याने’

दुमडत्या पंखांच्या विमानांची जाहिरात पाहिली तर तिचा भर वेळेवर असतो. किती मिनिटांत पंख उघडतात, किती माणसे लागतात, हेच गुण म्हणून सांगितले जातात. मराठी वृत्तलेखांनी हा मापदंड जसाच्या तसा उचलला आहे. प्रस्तुत चिकित्सेचा मुख्य आक्षेप याच ठिकाणी आहे. रचनेची परीक्षा ती बरोबर जोडली गेल्यावर कशी दिसते यावरून करणे अपुरे आहे. ती चुकीची जोडली गेल्यावर कशी दिसते, हे पाहावयास हवे. पिन अर्धवट बसली असता पंख जर पूर्ण बसल्यासारखाच दिसत असेल, तर ती रचना दोन मिनिटांत उघडणारी असली तरी टाकाऊ समजावी.

प्रशिक्षित माणसाच्या हातूनही पंख दुमडलेला राहू शकतो, याचे उदाहरण नौदलाच्या इतिहासात आहे. ऑगस्ट १९६० मध्ये इटलीतील नेपल्स येथून अमेरिकी नौदलाचे एक क्रुसेडर लढाऊ विमान पंखांची टोके दुमडलेल्या स्थितीतच आकाशात गेले. वैमानिक ते सुखरूप परत आणू शकला, कारण त्या विमानाचा केवळ बाहेरचा भाग दुमडत होता आणि इंजिनाची ताकद प्रचंड होती. मुळाशी दुमडणाऱ्या हलक्या विमानाला अशी दुसरी संधी नसते. क्रुसेडरच्या वैमानिकाजवळ तपासणीयादी होती, भोवती जमिनीवरील कर्मचारी होते. तरीही हे घडले. तेव्हा शेतातल्या धावपट्टीवर एकट्याने पंख उघडणाऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबणारी रचना सुरक्षित कशी म्हणावी?

या बाबतीत सर्वांत स्पष्ट विचार अलीकडे झाला, तो मोठ्या विमानासाठी. बोइंगच्या ७७७-एक्स या प्रवासी विमानाच्या पंखांची टोके दुमडतात, त्यामुळे ७१.८ मीटरचा पसारा विमानतळावर ६४.८ मीटर होतो. अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाने २०१८ मध्ये त्यासाठी खास अटी घातल्या. टोके उड्डाणाच्या स्थितीत नसतील तर वैमानिकाला एकाहून अधिक मार्गांनी सूचना मिळावी. तशा स्थितीत विमानाला उड्डाणच करता येऊ नये. एखादा एकच भाग निकामी झाल्याने कुलूप उघडू नये. कुलूप उघडू शकेल असा कोणताही शक्तिस्रोत उड्डाणापूर्वी आपोआप तोडला जावा व हवेत तो परत जोडता येऊ नये. आणि जमिनीवर दुमडलेल्या स्थितीत कोणत्याही दिशेने येणारा ६५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटरचा झोत टोकांनी सोसावा. अब्जावधी रुपयांच्या विमानासाठी लिहिलेल्या या अटी पत्र्याच्या शेडमधील विमानाला लागू नाहीत हे खरे. परंतु त्यांतील तर्क पैशावर अवलंबून नाही.

पिन पूर्ण आत गेल्याखेरीज दाराचा खटका लागू नये, किंवा वैमानिकाचा पट्टाच अडकविता येऊ नये, अशी योजना दोन पट्ट्या आणि एका स्प्रिंगने होऊ शकते. पिनच्या टोकाला लाल पट्टा रंगवून तो दिसेनासा होईपर्यंत पिन अपुरी समजावी, ही खूण तर चार आण्यांची आहे. पिन हरवली तर विमान पडेल अशा ठिकाणी तिला दोन स्वतंत्र रोधक असावेत आणि फिरणाऱ्या बोल्टवर केवळ घर्षणाने घट्ट बसणारे नट वापरू नये, हे जुन्या भाग २३ मध्ये स्पष्ट होते. २०१७ मध्ये त्या नियमावलीची रचना बदलली, तपशील मानकांकडे गेले. लोखंडाचा स्वभाव बदललेला नाही. आपल्याकडे गल्लीतील गॅरेजमध्ये बैलगाडीच्या आसाची खीळ आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन रोज हाताळली जाते. ट्रॉलीच्या पिनला साखळीने बांधलेली स्प्रिंगची क्लिप असते, ती हरवली की तारेचा तुकडा घातला जातो. ‘जुगाड’ या शब्दाचे अलीकडे जे उदात्तीकरण झाले आहे, त्याला विमानाच्या पंखमुळाशी थारा देता येणार नाही.

पंखाबरोबर त्याच्या आतील जोडही दुमडतात, हा मुद्दा स्वतंत्रपणे मांडावयास हवा. एलरॉनचे दांडे, इंधनाच्या नळ्या, हवेचा वेग मोजणारी नळी, दिव्यांच्या तारा या सर्व पंखमुळातून जातात. ग्लायडर हे वरचेवर सुटे केले जाणारे विमान असल्याने त्या क्षेत्राचा अनुभव येथे मोलाचा आहे. पंख जोडला, पण एलरॉनचा दांडा जोडावयाचा राहिला, अशा चुकीने ग्लायडरच्या जगात बळी घेतले आहेत. म्हणूनच नव्या ग्लायडरांत पंख आत सरकला की नियंत्रणाचे दांडे आपोआप गुंतणारी रचना आली, आणि जुन्यांसाठी एक साधी रीत रूढ झाली. एकाने बाहेर उभे राहून एलरॉन हाताने रोखून धरावयाचा आणि दुसऱ्याने आतून दांडा हलवून पाहावयाचा. दांडा मोकळा हलला तर जोड झालेला नाही. पुण्याजवळ हडपसरला ग्लायडिंग केंद्र असल्याने महाराष्ट्रातील अभ्यासकाला ही शिस्त पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. ‘एकट्याने’ हा जाहिरातीतला गुण या रीतीत बसत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

रस्त्यावरचे विमान

दुमडत्या पंखांचे विमान हे आयुष्याचा बराच काळ रस्त्यावरचे वाहन असते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात हा मुद्दा सर्वांत निकडीचा ठरतो. क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. नागरी विमानतळ म्हणावा तर तो राहाता-कोपरगाव परिसरातील काकडी येथील शिर्डी विमानतळ, २०१७ मध्ये सुरू झालेला आणि प्रवासी विमानांच्या वर्दळीचा. हौशी विमानाला तेथे शेड मिळेल असे गृहीत धरता येत नाही. पारनेर किंवा श्रीगोंद्यात बांधलेले विमान ट्रेलरवरून न्यावे लागणार. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची रुंदी सर्वसाधारणपणे २.६ मीटरच्या आत हवी, म्हणजे पंख दुमडल्याखेरीज रस्ता नाही.

नगर-मनमाड रस्त्याने प्रवास केलेल्या कोणालाही पुढचे सांगावे लागू नये. उड्डाणात पंखावर येणारा भार वरच्या दिशेने, पसरलेला आणि मोजलेला असतो. ट्रेलरवर दुमडलेल्या पंखाला खड्ड्यातून मिळणारा धक्का उलट दिशेने, दोनच आधारबिंदूंवर आणि न मोजलेला असतो. पंख ज्यासाठी आखला, त्याहून वेगळ्याच ठिकाणी तो टेकलेला असतो. मॉथच्या काळापासून पंख दुमडण्यापूर्वी तात्पुरता टेकू लावण्याची पद्धत होती, ती याच कारणासाठी. पुढची पिन काढताच पुढच्या तुळईचे टोक निराधार होते आणि मागच्या एका सांध्यावर पंखाचा पीळ येतो. त्या सांध्यावर शंभर किलोमीटरचा खडखडाट लादणे म्हणजे उड्डाणाआधीच विमानाचे आयुष्य खर्चणे होय. वाहतुकीत पंखाचे वजन उड्डाणाच्या सांध्यांवर मुळीच येऊ नये, ते ट्रेलरवरील गादीदार पाळण्यांनी घ्यावे. उसाच्या हंगामातली धूळ आणि बारीक वाळू बुशमध्ये शिरली की ती पिनला कानशीसारखी घासते. त्यामुळे उघड्या भोकांना टोपणे हवीत.

वजनाचा तोल हाही एक विसरला जाणारा भाग. प्रत्येक पंख ३५ किलोग्रॅमचा आणि दुमडताना त्याचा गुरुत्वमध्य १.८ मीटर मागे गेला, तर ३०० किलोग्रॅमच्या रिकाम्या विमानाचा तोल ४२ सेंटिमीटर मागे सरकतो. नाकाखाली चाक असलेल्या विमानात मुख्य चाके तोलबिंदूच्या मागे एवढ्या अंतरावर नसतात. परिणामी विमान शेपटीवर बसते, बहुधा ते दुमडणाऱ्या माणसाच्या अंगावर. मे महिन्यातील वळवाच्या वादळात उघड्यावर ठेवलेल्या दुमडल्या पंखांचे काय होते, याचा विचार ६५ नॉटच्या अटीने केला आहे. मराठी लेखांनी केलेला नाही.

आणि तरीही या विषयाला उपयोगी पडेल असे ज्ञान याच जिल्ह्यात आहे. नगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेने, म्हणजे व्हीआरडीईने, बंगळुरूच्या दोन संस्थांसमवेत ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वँकेल इंजिन घडविले. २००९ मध्ये कोलार येथे ते हवेत गेले. निशांत हे ट्रकवरील प्रक्षेपकावरून झेपावणारे विमान, म्हणजे रस्ता आणि आकाश यांचा मेळ घालण्याचाच तो एक प्रकार. ५५ अश्वशक्ती ही हलक्या दोन आसनी विमानाच्या इंजिनाचीही शक्ती आहे. मोटार वाहन नियमांखाली वाहनांची चाचणी घेण्यास मान्यता असलेल्या मोजक्या संस्थांत व्हीआरडीईचा समावेश आहे आणि तिच्याकडे चाचणीमार्ग आहेत. विमानावर लिहिताना मुंबईच्या गच्चीपर्यंत जाणाऱ्या लेखकांनी आपल्या वेशीवरील या संस्थेची दखल घेतलेली दिसत नाही. संरक्षण खात्याच्या आवारात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला प्रवेश सहज मिळणार नाही, हे मान्य करूनही असे म्हणता येईल की दुमडलेल्या पंखासह भारलेला ट्रेलर ठरावीक खडबडीत मार्गावर ठरावीक फेऱ्या चालवून बुशची झीज मोजणे, हा एका शैक्षणिक वर्षात होण्याजोगा अभ्यास आहे. त्यासाठी विमान उडविण्याची गरज नाही, आणि खरे पाहता विमान बांधण्याचीही नाही. एक पंखमूळ, एक स्ट्रट, पंखाच्या वजनाची चौकट आणि भाड्याचा ट्रेलर एवढे पुरते. चाचणीमार्ग न मिळाल्यास राहुरी ते कोल्हार हा रस्ता आहेच. त्याच्या खडबडीतपणाबद्दल परीक्षक शंका घेणार नाहीत.

असा प्रकल्प मूल्यमापनाला आला, तर महाविद्यालयाने त्याला कोणत्या कसोटीने गुण द्यावेत, हा प्रश्न उरतो. प्रचलित पद्धतीत प्रदर्शनाच्या दिवशी पंख किती झटकन उघडतो, हे पाहून टाळ्या मिळतील. त्याऐवजी परीक्षकाने पिन मुद्दाम पाच मिलिमीटर बाहेर ठेवून, एलरॉनचा दांडा न जोडता पंख उघडून ठेवावा आणि ती चूक दहा पावलांवरून विद्यार्थ्याला दिसते काय, हे तपासावे. ती दिसली नाही, तर नापास विद्यार्थ्याला न करता आराखड्याला करावे आणि दुरुस्तीसाठी पुढचे सत्र द्यावे. पंख उघडण्याच्या प्रत्येक फेरीची, काढलेल्या प्रत्येक पिनची आणि मोजलेल्या प्रत्येक बुशची नोंद असलेली वही अहवालासोबत जोडलेली असावी, आणि तिच्यावर दोन सह्या असाव्यात : एक जोडणाऱ्याची आणि दुसरी, त्या वेळी बाहेर उभे राहून एलरॉन धरणाऱ्याची.